खाचेतला वास

३ तारीख, मंगळवार

ही वही आजपासून. उद्या कोणी म्हणालं की म्हातारा विसरतो, भलतंच बोलतो, तर माझ्याकडे तारीखवार पुरावा असावा. या घरात काहीतरी शिजतंय. आणि जे शिजतंय त्याला चवही नाही.

चवीपासूनच सुरुवात करतो. दोन महिन्यांपूर्वी मला मोठा ताप आला, तेव्हा लेकीने मला तिच्या घरी आणलं. ताप गेला. पण तेव्हापासून तिच्या हातची भाजी म्हणजे गरम चिखल. मीठ कळतं, तिखट झोंबतं, बाकी काही नाही. चहा म्हणजे गोड गरम पाणी. हीच लेक एके काळी काय सुगरण होती! कोणीतरी तिला शिकवलंय. माणसाला जेवण जाईना की तो आपण होऊन म्हणतो, मी जातो थोरल्याकडे. थोरला म्हणजे माझा मुलगा, दुसऱ्या गावी असतो. त्याच्याकडे मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून ठेवतात आणि पाय वर घ्या म्हणतात, झाडायचंय. मला नाही जायचं तिकडे.

म्हणून मी स्वतःच काम शोधलं. जावयाची जुनी विजेवरची गिटार कपाटावर पडून होती, काळा रंग टवके उडालेला. कॉलेजातली चार टाळकी पंधरा वर्षांनी एकत्र येऊन अठ्ठावीस तारखेला एका हॉलमध्ये वाजवणार आहेत. मी म्हणालो, "जावईबापू, आणा इकडे. एकतीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलंय, तुमची गिटार म्हणजे एक दार समजा."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच का म्हणाला, हे बघायला हवं.

५ तारीख, गुरुवार

मागची खोली मला दिली. तारा काढल्या, बटणं काढली, आतल्या वायरींचं चित्र कागदावर काढून ठेवलं. गिटारची मान चार स्क्रूंवर असते. ती काढली की धडाला एक चौकोनी खाच उरते. त्या खाचेत लाकडी दांडी ठोकली, म्हणजे रंग देताना हात लागायला नको.

रंग खरवडला तर खाली तीन फळ्या चिकटवलेल्या. जावई इतकी वर्षं सांगत होता, एकाच लाकडाची आहे म्हणून. त्याला दाखवलं. म्हणाला, "अरेच्चा!" एवढंच. फसवला गेलेला माणूस इतक्या कमी शब्दांत आटपत नाही.

कचेरीला जाताना एकदा आणि आल्यावर एकदा दारात येऊन उभा राहिला. विमा कचेरीतला माणूस, त्याला सवय आहे म्हणे कोपऱ्यातून बघायची.

दुपारी गरम हवेच्या गनने उरलेला रंग उठवत होतो. लेक धावत आली, "बाबा, जळतंय काहीतरी!" मी म्हणालो, कुठे काय जळतंय? बघतो तर खालच्या कडेला बोटभर लाकूड काळं पडलेलं. गन जावयाच्या मित्राची आहे. एक नंबरची खराब.

७ तारीख, शनिवार

रंगवाल्याकडे गेलो. रंगाखाली लाकडाची भोकं बुजवायला सीलर, गडद हिरवा रंग, वरच्या चकाकीला लॅकर, पातळ करायला थिनर. थिनरचा डबा तिथेच उघडायला लावला, मी आंधळा व्यवहार करत नाही. नाक लावलं. काही नाही. पाणी.

"पाणी विकतोस होय रे?"

त्याने स्वतः डब्यावर वाकून हुंगलं आणि झटक्यात मागे सरला, खोकला, डोळे पुसले. "काका, डोकं फिरलं माझं वासाने, आणि तुम्ही पाणी म्हणताय?"

काय अभिनय! मी दुसरा डबा उघडायला लावला. तोही तसाच. तिसऱ्याला तो हात जोडून म्हणाला, "काका, बोटाला लावून बघा, गार लागतंय ना?" गार लागलं खरं. पण गार तर पाणीही लागतं. आमच्या वेळचा थिनर असा असायचा की डबा उघडला की शेजारच्या गाळ्यातला शिंपी शिव्या द्यायचा. हल्ली सगळ्यांची मिलीभगत आहे. घेऊन आलो नाइलाजाने.

८ तारीख, रविवार

सीलरचे दोन हात दिले, मध्ये तीनशेवीसचा पॉलिश पेपर मारला. जळका डाग कसाबसा झाकला. लाकूड बाळाच्या गालासारखं झालं. या हातांना अजून गंज चढलेला नाही.

जेवताना लेकीला म्हणालो, साबण बदललास का? हलका आणतेस वाटतं. ती म्हणाली, "तोच आहे बाबा, तुम्हाला आवडतो तो." आणि जावयाकडे बघितलं. जावयाने ताटात बघितलं.

१० तारीख, मंगळवार

हिरवा दिला. चार पातळ हात, फवाऱ्याच्या गनने, आडवे आणि उभे. बाटलीच्या काचेसारखा खोल रंग आला. जावई संध्याकाळी आला आणि चपला न काढताच खोलीत शिरला. तोंड उघडं ठेवून बघत राहिला. म्हणाला, "बाबा, मी सगळ्यांना सांगितलंय, सासऱ्यांनी केलेली गिटार घेऊन येणार म्हणून."

एवढी जाहिरात कशाला? काम बिघडलं तर माझं नाव सगळ्यांपुढे काढता यावं म्हणून?

आमच्या कारखान्यात माझी ओळख हातामुळे नव्हती, हात सगळ्यांचेच चांगले होते. माझी ओळख नाकामुळे. लॅकर वरून वाळलं तरी आत ओलं असतं, आणि हवा रोज वेगळी, त्यामुळे दिवस मोजून काही कळत नाही. वास यायचा पुरता थांबला की वाळलं. कपाट गाडीत चढवायच्या आधी मालक मला बोलवायचा. मी दाराच्या सांध्यात नाक घालायचो, जिथे लॅकर साचून राहतं, आणि सांगायचो, "उद्या." किंवा सांगायचो, "जाऊ दे." खाली गाडी उभी असो, गिऱ्हाईक बोंबलत असो, माझ्या शब्दापुढे मालकाची टाप नव्हती.

१२ तारीख, गुरुवार

कालपासून लॅकर चाललंय. खोलीची खिडकी बंद ठेवलीय, धूळ बसते. लेक नाकाला ओढणी बांधून फिरते. डोकं दुखतं म्हणते. "बाबा, वास सहन होत नाही हो." कसला वास? मी खोलीत सहा तास असतो, मला काही होत नाही. एवढं तलम सोंग मी बघितलं नव्हतं.

आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून ऐकलं. माझे कान अजून शाबूत आहेत. शब्दाला शब्द लिहून ठेवतो.

लेक: "मी दादाला फोन केला होता. तो भेटून गेला तेव्हा त्यालाही तसंच वाटलं होतं."

जावई: "मग डॉक्टरांकडे नेऊ या ना."

लेक: "नेऊ, पण बाबांना सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांना काय वाटेल?"

झालं. तिघांचं ठरलंय. डॉक्टरकडून लिहून घ्यायचं की म्हातारा कामातून गेलाय, आणि रवानगी थोरल्याकडे. लॅकरचा शेवटचा हात तेवढा देऊन टाकला.

१४ तारीख, शनिवार

आज दोन डाव खेळले गेले.

पहिला डाव. मी स्वयंपाकघरात टेबलाशी पाठ करून पेपर वाचत होतो. मागे शेगडीवर दूध होतं म्हणे. लेक जिन्यातूनच ओरडत आली, "बाबा, दूध करपून कोळसा झालं! तुम्ही इथेच बसलाय आणि!" मला काय स्वप्न पडणार की मागे दूध आहे? सांगून ठेवायचं. पण नाही, मुद्दाम ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, यांना भान नाही.

दुसरा डाव. दुपारी ती फडकं झाकलेली वाटी घेऊन आली. "बाबा, डोळे मिटा. हे काय आहे ओळखा." स्मरणशक्तीची परीक्षा! मी कशाला सापडतोय? आत्मविश्वासाने ठोकून दिलं, "गुलाब."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. वाटीत काय होतं ते सांगितलं नाही. नंतर मोरीत वाटी पाहिली तर लसणाची साल चिकटलेली. मागाहून चिकटली असणार.

१६ तारीख, सोमवार

सकाळी खाचेत नाक घातलं. वास नाही. चार दिवसांत पुरतं वाळलं! खूश झालो. म्हटलं, हवा चांगली, हात चांगला. धड टॉवेलवर ठेवून ओल्या पेपरने घासायला घेतलं. पेपर लगेच चिकट झाला, गोळे धरले. पेपर भिकार. दुसरा आणायला हवा. धड तसंच टॉवेलवर ठेवलं आणि झोपलो.

१७ तारीख, मंगळवार

घात झाला. सकाळी धड उचललं तर मागच्या बाजूला टॉवेलची सगळी वीण उमटलेली, आणि कडेवर एक अंगठा. अख्खा, स्वच्छ, रेघानरेघ.

कोणीतरी हात लावला. आता मात्र मी सोडणार नव्हतो. जावयाकडे शिक्क्याचं शाईचं पॅड असतं. म्हणालो, "जावईबापू, जरा अंगठा द्या."

"कशाला बाबा?"

"असंच. हवाय."

त्याने दिला. वर विचारलं, "डावा पण देऊ?" दिला. मग आपणच दहाच्या दहा बोटं कागदावर उठवली आणि हात धुवायला गेला, गुणी बाळासारखा. असा साळसूदपणा बघितला की माझं डोकं जास्तच फिरतं. लेकीचाही अंगठा घेतला. तिने कपाळाला हात लावला, शाई कपाळाला लागली.

भिंग घेऊन बसलो. लॅकरवरच्या अंगठ्यात एक तिरकी रेघ आहे, रेघांना मधोमध कापणारी. जावयाच्या अंगठ्यात नाही. लेकीचा तर केवढासा. मग सहज माझा अंगठा भिंगाखाली धरला. पंचवीस वर्षांपूर्वी पटाशी लागली होती, तिची चीर. तिरकी. मधोमध.

अंगठा माझा आहे.

काल पेपर मारताना मी धड तिथेच धरलं होतं. म्हणजे काल ते ओलं होतं. ओलं होतं तर वास यायला हवा होता. वास नव्हता.

१८ तारीख, बुधवार

लेक आणि जावई कामावर गेले. दार लावून घेतलं. थिनरचा डबा उघडला आणि त्यात जवळजवळ तोंड घातलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण वास नाही. फिनेल उघडलं. नाही. लसूण ठेचला. नाही. लेकीच्या कपाटातलं अत्तर, बुटाचं पॉलिश, काडी ओढून विझवली, तिचा धूर. नाही, नाही, नाही. मग माझा कालचा घामट सदरा नाकाशी दाबून धरला. त्यालाही वास नव्हता. मी स्वतःला सुद्धा येत नाही.

म्हणजे रंगवाला खोटं बोलत नव्हता. भाजी चांगलीच होती. पोरीचं डोकं खरंच दुखत होतं आणि मी खिडकी बंद करून आठवडाभर तिला ते विष हुंगायला लावलं, आणि वहीत सोंग म्हणून लिहिलं.

मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. चांगले हात काय, कोणाकडेही असतात. नाक नसलेल्या पॉलिशवाल्याला घरात कशासाठी ठेवायचं? यांना कळलं तर संपलं. सांगणार नाही. खिडकी मात्र सताड उघडली.

२० तारीख, शुक्रवार

वीण आणि अंगठा घासून काढले, पहिलं लॅकर निम्मं उतरवलं, नवा पातळ हात दिला. आता प्रश्न हा, की वाळलं हे मला कोण सांगणार? दिवस मोजू म्हटलं, तर हवा दमट, कालची चादर अजून सुकलेली नाही. लेकीला त्या वासाजवळ पुन्हा बोलवायचं माझं मन होईना. आणि अंदाजाने दिली तर तारा ताणल्या की मान खाचेत रुतून बसेल आणि कडेला लॅकर तडकेल. सगळ्यांपुढे, दिव्याखाली.

संध्याकाळी जावयाला खोलीत बोलावलं. दार लावलं. कसं बोलावं कळेना.

"जावईबापू, तुमचं नाक कसं आहे?"

तो खाली बसला, फरशीवर, माझ्या पायांपाशीच. म्हणाला, "आम्हाला माहीत आहे बाबा. दूध करपलं त्या दिवशी खात्री झाली. तापात कधीकधी जातं असं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय, परत येतंही म्हणतात."

"मग सांगितलं का नाही?"

"ती म्हणाली, माझ्या बाबांचं नाक गेलं हे मी बाबांना नाही सांगू शकत. रोज ठरवायची आणि रोज रडायची."

मी म्हणालो, "आणि थोरल्याकडे पाठवायचं?"

"कोणाला?"

त्याला खरंच कळलं नाही मी काय विचारतोय. की तसं दाखवलं? आज इतकं झाल्यावरही हा प्रश्न माझ्या मनात आलाच. लिहून ठेवतो, लपवत नाही.

२२ तारीख, रविवार

जावयाला हुंगायला शिकवतोय. सकाळी, चहाच्या आधी, तोंडात काही न घालता. धडाच्या पोटावर नाही, खाचेच्या कोपऱ्यात, तिथे लॅकर साचतं. डोळे मिटायचे, श्वास सोडून द्यायचा आणि मग हळू आत घ्यायचा. पहिल्या दिवशी त्याने एवढ्या जोरात ओढला की त्याला ठसका लागला आणि लेक हसून हसून भिंतीला टेकली. पुष्कळ दिवसांनी हसली.

"काय येतंय?"

"पिकलेल्या केळ्यासारखं काहीतरी. आणि मागे नखांच्या रंगासारखं."

बरोबर. अगदी बरोबर. गड्याचं नाक वाईट नाही.

२४ तारीख, मंगळवार

"केळं?"

"केळं आहे. नखांचा रंग कमी झालाय."

मी तोंडावर काही दाखवत नाही, पण आतून किडा वळवळतोय. आता सगळं त्याच्या शब्दावर. आणि गिटार हवी आहे त्यालाच, अठ्ठावीसला. त्याने "गेला वास" म्हटलं तर मी काय तपासणार? मालक मला कधी लाच देऊ शकला नाही, कारण कपाट माझं नव्हतं. ही गिटार त्याची आहे. पंधरा वर्षांनी वाजवणार आहे, सगळ्यांना सांगून बसलाय. काल आरशासमोर नुसता झाडू गळ्यात अडकवून उभा होता, मी पाहिलं. असा माणूस सत्तावीसला म्हणणारच, बाबा, गेला. मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो, आणि स्वतःलाही ते पटवून दिलं असतं.

२६ तारीख, गुरुवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वेगवेगळ्या वासांच्या चार बाटल्या दिल्यात, सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, येत नसलं तरी. म्हणाले, कदाचित. लेक रिक्षात माझा हात धरून बसली होती. भाजीबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आता मागताय? दोन महिने मी रोज मसाला बदलत होते!"

सकाळचा वास: आहे, थोडा. नव्या तारा पाकिटात टेबलावर तयार आहेत. त्याने मान पुसून चकचकीत करून ठेवलीय.

२७ तारीख, शुक्रवार

आज शेवटची सकाळ. आज मान बसवली तरच उद्या वाजणार. मी उठून खोलीत गेलो तर तो आधीच गुडघ्यांवर बसलेला, खाचेत नाक घालून. लेक दारात. त्याने एकदा हुंगलं. खिडकीशी जाऊन बाहेरची हवा घेतली, परत आला, परत हुंगलं. तिसऱ्यांदा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आता येईल, आता म्हणेल.

"आहे, बाबा."

लेक म्हणाली, "अगदी थोडासाच असेल ना? एका दिवसाचा प्रश्न आहे."

"थोडाच आहे," तो म्हणाला, "पण आहे. अजून आठवडा तरी." उठला, तारांचं पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि मित्राला फोन लावायला गेला, कोणाकडे जास्तीची गिटार आहे का विचारायला. फोनवर हसून बोलत होता. फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. नळ कशासाठी सोडला ते दोघांनाही कळलं असणार.

२८ तारीख, शनिवार

हॉल निम्मा भरला होता. जावई मागून आणलेली पिवळी गिटार घेऊन उभा राहिला, पट्टा त्याला आखूड होत होता, गिटार छातीशी आलेली. पहिल्या गाण्यात दोनदा चुकला. दुसऱ्यापासून सावरला आणि मग असा वाजवायला लागला की शेजारचा माणूस खुर्चीवर ताल धरायला लागला. मध्येच माइकवर सांगितलं, "माझी गिटार घरी वाळते आहे. सासरे सांगतील तेव्हा आणीन." लोक हसले.

मी सांगेन म्हणे. मी कुठला सांगणार?

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. लेक वाकून म्हणाली, "काय झालं बाबा?"

म्हणालो, "अगं, हा माणूस खोटं बोलत नाही."

ती म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली, बाबा."